विसंबावे किती आणि कशावर

माणूस आणि स्वयंचलित यंत्र यांच्यातील विश्वासाचा विचार करताना पहिली चूक होते ती विश्वास जितका जास्त तितके बरे असे गृहीत धरण्याची. यंत्रे विकणाऱ्यांना हे गृहीतक सोयीचे असते, आणि मग लोकांचा विश्वास कसा मिळवावा याचीच चर्चा रंगते. पण चालकविरहित मोटार असो, कारखान्यातील रोबो असो की विमानातील स्वयंचालक असो, अपघातांचे अहवाल वाचू लागल्यास त्यांत अविश्वासापेक्षा अनाठायी विश्वासच वारंवार भेटतो. म्हणून या विषयाच्या अभ्यासकांनी प्रश्न निराळ्या रीतीने मांडला आहे : यंत्राची जेवढी कुवत तेवढाच भरवसा माणसाच्या मनात कसा राहील, आणि ही कुवत पावसात, अंधारात किंवा अनोळखी रस्त्यावर घटली तर भरवसाही तिच्याबरोबर कसा घटेल?

जॉन ली आणि कॅटरिना सी या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात विश्वासाची जी व्याख्या दिली ती या क्षेत्रात आजही आधाराला घेतली जाते. परिस्थिती अनिश्चित असताना, आणि आपले नुकसान होण्याचा संभव असताना, दुसरा कोणी आपले काम साधून देईल अशी मनाची धारणा म्हणजे विश्वास, असा तिचा आशय आहे. या व्याख्येतून दोन गोष्टी निघतात. जेथे धोकाच नाही तेथे विश्वासाचा प्रश्न उद्भवत नाही, त्यामुळे मिक्सरवर विश्वास आहे का असे कोणी कोणाला विचारत नाही. आणि विश्वास ही धारणा असली तरी विसंबणे ही कृती असते, व या दोहोंची नेहमी सांगड असतेच असे नाही. घाटात एस.टी.त बसलेल्या प्रवाशाचा चालकावर विश्वास असो वा नसो, वरंध्याच्या वळणावर तो त्याच्यावर विसंबून असतोच.

भारतीय वंशाचे मानसशास्त्रज्ञ राजा परशुरामन यांनी व्हिक्टर रायली यांच्यासह १९९७ साली लिहिलेल्या निबंधात माणूस आणि स्वयंचलन यांच्या संबंधाचे जे प्रकार वेगळे काढले, ते सामान्य वाचकालाही सहज ओळखू यावेत असे आहेत. यंत्राचा योग्य वापर हा पहिला. यंत्रावर वाजवीपेक्षा जास्त विसंबणे हा दुसरा. उपयोगी यंत्राकडे पाठ फिरवणे, म्हणजे धोक्याची घंटा उगाच वाजते म्हणून ती बंदच करून ठेवणे, हा तिसरा. चौथा प्रकार मात्र वापरणाऱ्याचा नसून करणाऱ्याचा आहे : जे जे यंत्राकडे देता येईल ते ते देऊन टाकायचे, आणि जे उरेल ते माणसाला जमते की नाही याचा विचार न करता त्याच्या गळ्यात मारायचे. पहिल्या तीन प्रकारांची चर्चा पुष्कळ होते. परंतु खरी गोम या चौथ्यात आहे.

माणसाच्या गळ्यात जे उरते ते बहुधा पहाऱ्याचे काम असते, आणि पहारा हे माणसाला सर्वांत कमी जमणारे काम आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवर बसणाऱ्यांकडून पडद्यावरच्या खुणा सुटतात असे दिसून आल्यावर नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्याचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. कोऱ्या तबकडीवर एक काटा दर सेकंदाला एकेक टप्पा सरकत असे, आणि मधूनच, केव्हा ते न सांगता, एकदम दोन टप्पे उडी मारी. समोर बसलेल्याने दोन तास तेवढीच उडी टिपायची. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष असा की पहिल्या अर्ध्या तासातच नजर ढिली पडू लागते. यात आळस नाही की बेजबाबदारपणा नाही. ज्या गोष्टीत काही घडत नाही तिच्यावरून लक्ष उडणे हा मेंदूचा स्वभाव आहे, आणि तो शिस्तीच्या परिपत्रकाने बदलत नाही.

लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ साली स्वयंचलनातील विसंगतींवर लिहिलेल्या छोटेखानी निबंधात हाच धागा पुढे नेला. सोपे काम यंत्राकडे गेले की माणसाचा हात त्या कामावरून उतरतो, आणि यंत्र हात टेकते ते नेमके कठीण प्रसंगी. म्हणजे सराव मोडलेल्या माणसाकडून सराव असलेल्यापेक्षाही अधिक कौशल्याची अपेक्षा केली जाते. रिओ द जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान १ जून २००९ रोजी अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले, स्वयंचालक बाजूला झाला आणि विमान अंधारात, ढगांत, चुकीच्या आकड्यांसह वैमानिकांच्या हाती आले. त्यांनी विमानाचे नाक वर उचलून धरले, पंखांचा आधार सुटला आणि २२८ माणसे गेली. नळ्यांतील बर्फ थोड्याच वेळात वितळले होते.

मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण वैमानिकाच्या वाट्याला येणारे प्रशिक्षण मोटारचालकाच्या वाट्याला येत नाही. अमेरिकेतील अभियंत्यांच्या एस.ए.ई. या संस्थेने स्वयंचलित वाहनांच्या शून्यापासून पाचपर्यंत पायऱ्या ठरवल्या आहेत. शून्यावर सर्व काम माणसाचे आणि पाचव्या पायरीवर सर्व काम, सर्व रस्त्यांवर, यंत्राचे. दुसऱ्या पायरीवर मोटार स्वतः वळते, वेग सांभाळते, पण चालकाने क्षणभरही नजर काढायची नाही. तिसऱ्या पायरीवर ठराविक परिस्थितीत त्याने नजर काढली तरी चालते, मात्र मोटारीने बोलावताच सूत्रे हाती घ्यायला तयार राहायचे. यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२० साली झालेल्या नियमात चालकाला साधारण १० सेकंदांची मुदत दिली आहे. कागदावर ही चढण क्रमाक्रमाने सोपी होत जाणारी दिसते. प्रत्यक्षात मधल्या पायऱ्याच निसरड्या आहेत, कारण तेथे माणसाला चालवायचेही नसते आणि निश्चिंतही व्हायचे नसते. गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांना महामार्गावर अर्धस्वयंचलित मोटारी वापरायला दिल्या तेव्हा सतत लक्ष ठेवण्याची सूचना असूनही आतील कॅमेऱ्यांनी टिपले ते प्रसाधन करणारे, फोन चाळणारे आणि चक्क डुलकी घेणारे चालक. त्यावर कंपनीने मधली पायरीच सोडून द्यायची आणि चालकाची गरजच नसलेली मोटार करायची असे ठरवले, आणि पुढे वेमो या नावाने ती सेवा ॲरिझोनातील फिनिक्स परिसरात व नंतर सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. हा निर्णय धाडसी वाटतो; पण मॅकवर्थची तबकडी लक्षात घेतली तर दुसरा मार्गच अधिक धाडसाचा होता.

त्या दुसऱ्या मार्गाची परिणती १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातीलच टेम्पी शहरात दिसली. उबर कंपनीची चाचणीवरील मोटार रात्री दहाच्या सुमारास रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेवर जाऊन आदळली. ती सायकल हाताने ढकलत, झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागेवरून चालली होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने केलेल्या तपासात सेकंदा-सेकंदाचा हिशोब बाहेर आला. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्रणेला समोर काहीतरी असल्याचे कळले होते, आणि कुशल चालकाला थांबायला एवढा अवधी पुरेसा असतो. परंतु ते ‘काहीतरी’ काय आहे याबद्दल यंत्रणेचे मत दर क्षणी पालटत राहिले : कधी वाहन, कधी इतर वस्तू, कधी सायकल. प्रत्येक वेळी मत बदलताना त्या वस्तूच्या आधीच्या हालचालींची नोंद बाजूला पडत होती, त्यामुळे ती आडवी येत आहे हे जुळवून पाहताच आले नाही; आणि क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो ही शक्यता आराखड्यात धरलेलीच नव्हती. (मुंबई-पुण्याच्या वाचकाला या वाक्यावर थबकावेसे वाटेल.) धडक अटळ आहे हे शेवटी १.२ सेकंद आधी लक्षात आले, तेव्हा उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून मुद्दाम ठेवलेली एका सेकंदाची ‘थांबून खात्री करण्याची’ मुदत सुरू झाली. मोटारीत मूळच्या उत्पादकाने बसवलेली आणीबाणीची ब्रेक यंत्रणा चाचणीच्या वेळी बंद ठेवलेली होती.

आत देखरेखीसाठी बसलेली व्यक्ती त्या वेळी फोनवर एक कार्यक्रम पाहत होती. तिची चूक उघड आहे, आणि २०२३ साली न्यायालयात तिने गुन्हा मान्यही केला. पण अहवालाने कंपनीच्या कारभारावरही बोट ठेवले आहे : पूर्वी अशा मोटारीत दोन माणसे बसत, त्यांतले एक कमी केले गेले होते, आणि एकट्या माणसाचे लक्ष कंटाळ्याने उडते या जाणत्या धोक्यावर पुरेशी उपाययोजना नव्हती. कंपनीवर फौजदारी खटला मात्र झाला नाही. मॅडलिन एलिश या अभ्यासिकेने अशा व्यवस्थेला चपखल उपमा दिली आहे. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चेपणारा केलेला असतो, म्हणजे धडकेचा मार तो झेलतो आणि आतले प्रवासी वाचतात. तसेच स्वयंचलित यंत्रणेत माणसाला नैतिक मार झेलणाऱ्या जागी बसवले जाते, म्हणजे दोष त्याच्यावर फुटतो आणि यंत्रणा व तिचे कर्ते शाबूत राहतात. खापर फोडायला एक माणूस हाताशी ठेवणे याला सहकार्य म्हणता येत नाही.

अतिविश्वास केवळ कंटाळ्यातून येतो असेही नाही. जॉर्जिया टेकमधील संशोधकांनी २०१६ साली मांडलेल्या एका प्रयोगात एक रोबो लोकांना इमारतीतील खोलीकडे घेऊन जाई. निम्म्या लोकांसमोर तो मुद्दाम वाट चुके. नंतर कृत्रिम धूर सोडून आगीची घंटा वाजवली गेली, आणि तोच रोबो बाहेरची वाट दाखवू लागला, तेव्हा सर्वच्या सर्व २६ जण त्याच्यामागे गेले. काही मिनिटांपूर्वी त्याला भरकटताना पाहिलेलेही गेले. उलट बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. अंदाज वर्तवणाऱ्या संगणकीय पद्धतीला एकदा चुकताना पाहिले की लोक तिला तेवढीच चूक करणाऱ्या माणसापेक्षा लवकर नाकारतात, ती एकंदरीत माणसापेक्षा अचूक असली तरीही, असे डीटव्होर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले. आणि पुढच्या अभ्यासात हेही, की अंदाजात थोडाफार फेरफार करण्याची मुभा मिळाली तर लोक ती पद्धत स्वीकारायला तयार होतात. धूर, घाई आणि अनोळखी जागा असली की माणूस कोणाच्याही मागे जातो. निवांत बसून निकाल पाहताना तो एक चूकही माफ करत नाही. दोन्ही वेळा यंत्राची कुवत त्याला ठाऊक नसते, एवढेच दोहोंत समान आहे.

ती ठाऊक व्हावी कशी, याचे उत्तर सहकार्याच्या विचारात सापडते. गॅरी क्लाइन, डेव्हिड वूड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली यंत्राला चांगला सोबती होण्यासाठी काय काय जमायला हवे याची चर्चा केली. आपण पुढे काय करणार याचा सोबत्याला अंदाज येऊ देणे, त्याने सांगितल्यावर आपली चाल बदलता येणे, कामाबाबत दोघांची समजूत सारखी राहील याची काळजी घेणे आणि ही समजूत सुटत आहे असे दिसताच वेळेवर बोलणे, असा तिचा गाभा होता. हे फार विद्वत्तेचे वाटत असेल तर जुन्या वाड्याच्या जिन्यावरून गोदरेजचे कपाट उतरवणाऱ्या दोन हमालांकडे पाहावे. वरच्याला खालची पायरी दिसत नाही आणि खालच्याला भिंत दिसत नाही. म्हणून ‘थांब’, ‘डावीकडे घे’, ‘हात बदलतो’ असे सतत चालू असते, आणि यांतले सर्वांत मोलाचे वाक्य तिसरे असते, कारण ते हात सुटण्याआधी उच्चारलेले असते. टेम्पीतील मोटारीने ५.६ सेकंदांत आपला गोंधळ आतल्या माणसाला एकदाही सांगितला नाही. तिचा इशारा वाजला तो धडकेला ०.२ सेकंद उरले असताना.

हात सुटण्याआधी बोलणारे यंत्र संगणकाच्या आधीच तयार झाले होते. जपानमधील साकिची तोयोदा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग उभा धागा तुटला की आपोआप थांबत असे, त्यामुळे कापड बिघडत नसे आणि एका कामगाराला अनेक माग सांभाळता येत. त्यांच्याच घराण्याने पुढे काढलेल्या मोटार कारखान्यात हे तत्त्व ‘जिदोका’ या नावाने रूढ झाले. स्वयंचलनाच्या नेहमीच्या चिनी-जपानी अक्षरात माणूस हे चिन्ह जोडून तो शब्द लिहिला जातो. इचलकरंजी-भिवंडीच्या साध्या यंत्रमागावरही आडवा धागा तुटला किंवा धोट्यातली कांडी संपली की माग थांबवणारा छोटा काटा असतो. चार-सहा मागांमध्ये फिरणारा कामगार एकेका धाग्यावर डोळे लावून बसत नाही; खडखडाटातून एक आवाज गळला की त्याची मान तिकडे वळते. त्याला पहारा करावा लागत नाही, कारण माग स्वतः हाक मारतो.

कारखान्यातील रोबोंची गोष्ट याच दिशेने गेली. १९६१ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो कामाला लागल्यापासून अनेक दशके रोबो आणि माणूस यांच्यातील संबंध म्हणजे मधले कुंपण असा होता, आणि ते विनाकारण नव्हते : १९७९ साली मिशिगनमधील फोर्डच्या कारखान्यात सुटे भाग काढायला मांडणीवर चढलेल्या कामगाराला यांत्रिक हाताचा फटका बसून मृत्यू आला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मायकेल पेश्किन आणि एडवर्ड कोलगेट यांनी १९९६ च्या सुमारास माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या रोबोची कल्पना मांडली, त्याला कोबॉट, म्हणजे सहकारी रोबो, असे नाव पडले. त्याचा वेग आणि जोर मर्यादित असतो, सांध्यांना अनपेक्षित अडथळा जाणवताच तो थबकतो, आणि काही ठिकाणी माणूस जवळ येईल तसा तो मंद होत जातो. २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने काढलेल्या दस्तऐवजात शरीराच्या २९ जागी किती दाब सहन होतो याचे कोष्टकच दिले आहे. पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१० च्या सुमारास असे डॅनिश बनावटीचे हात आले आणि पुढे कंपनीत त्यांची संख्या शंभरावर गेली. अशा हाताला शिकवायचे तर पुष्कळदा संगणकाची भाषा यावी लागत नाही. कामगार त्याचे मनगट धरून त्याला वाट दाखवतो, आणि तो ती लक्षात ठेवतो. ज्याला आपण स्वतः शिकवले त्याला काय येते आणि काय येत नाही हे माणसाला चांगले माहीत असते.

रस्त्यावर ही सोय नाही, कारण तेथे मोटारीचा सोबती म्हणजे तिच्यात बसलेला प्रवासी तेवढाच नव्हे, समोरून आडवा जाणारा अनोळखी माणूसही आहे. पादचारी आणि चालक यांच्यातील अर्धे व्यवहार नजरेने आणि हाताने होतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी चालकाला मोटारीच्या आसनाच्या सोंगात दडवून जणू रिकामी गाडी रस्त्यावर आणली तेव्हा बहुतेक लोक बिचकले तरी ओलांडून गेले. गाडीची चाल ओळखीची असेपर्यंत त्यांचे निभावले. मर्सिडीजने स्वयंचलित चालण्याची खूण म्हणून निळसर हिरव्या दिव्यांना अमेरिकेतील दोन राज्यांत परवानगी मिळवली आहे. परंतु जेथे हात दाखवला की ट्रकही थांबेल या भरवशावर लोक चार पदरी रस्त्यात उतरतात, आणि भोंग्याला ‘मी आलो’पासून ‘तू जा’पर्यंत दहा अर्थ असतात, तेथे दिव्याच्या रंगाने काय साधेल याची शंका येते. भारतात तूर्त हा प्रश्न दुसऱ्याच कारणाने दूर ठेवला गेला आहे : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातील एका कार्यक्रमात चालकविरहित मोटारी देशात येऊ देणार नाही असे सांगितले, आणि त्यामागे चालकांच्या रोजगाराचे कारण दिले. यंत्र चांगले चालते की नाही हा एक अविश्वास, आणि ते चांगले चालले तर आपले काय हा दुसरा. दुसऱ्यावर अभियंत्याकडे उपाय नसतो.

यंत्रावरचा विश्वास शेवटी त्याच्या मागच्या माणसांपर्यंत जाऊन पोचतो, हे क्रूझ या कंपनीच्या प्रकरणात लख्ख दिसले. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या वाहनाची धडक बसून एक महिला क्रूझच्या चालकविरहित मोटारीसमोर फेकली गेली. मोटार तिच्यावर आदळून थांबली, आणि मग रस्त्याच्या कडेला होण्याच्या प्रयत्नात तिला सुमारे २० फूट फरफटत घेऊन गेली. पहिली धडक या मोटारीची नव्हती. कदाचित माणसालाही ती टाळता आली नसती. पण फरफटण्याची बाब नियामकांपुढे नीट मांडली गेली नाही. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने कंपनीचे परवाने स्थगित केले, पुढे खोटा अहवाल दिल्याचे मान्य करून तिने ५ लाख डॉलर दंड भरला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिची मालक असलेल्या जनरल मोटर्सने या टॅक्सीसेवेचा खर्चच थांबवला. टेम्पीतील मोटारीने आपला गोंधळ सांगितला नाही आणि येथे कंपनीने सांगितला नाही, एवढाच काय तो फरक.

चालकाविना चालणारे एक वाहन शहरी माणसाने पूर्वीच स्वीकारलेले आहे, ते म्हणजे लिफ्ट. बटणावर चालणाऱ्या लिफ्ट विसाव्या शतकाच्या आरंभीही उपलब्ध होत्या, पण त्यांत चालकाशिवाय पाऊल ठेवायला लोक धजत नसत. १९४५ साली न्यू यॉर्कमधील लिफ्टचालकांच्या संपाने शहर अडून बसले, आणि त्यानंतर इमारतींचे मालक स्वयंचलित लिफ्टकडे वळू लागले. थांबवण्याचे बटण, बाहेर बोलण्याचा दूरध्वनी, दारात हात आला की मागे सरणारी कड, अशा गोष्टींनी हळूहळू भीड मोडली. मुंबईतील कित्येक जुन्या इमारतींत मात्र बटणाच्या लिफ्टमध्येही लिफ्टमन स्टुलावर बसलेला असतो, आणि त्याची थट्टा करणे सोपे आहे. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की जाळीच्या दारातून वर हाक मारून वीज गेली आहे की कुठल्या मजल्यावरचे दार उघडे राहिले आहे हे विचारायचे, तोवर आतल्या म्हातारीला ‘आजी, चौथ्यावरचं दार लागलं नाहीये, पोरगा गेलाय लावायला’ असे सांगत राहायचे, हे त्याचे काम. बटण दाबणे त्यातले सर्वांत किरकोळ.